कपडेपटातला कॅप्टन

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. कॅप्टनांना पैशाचं सोंग आणायचंच नव्हतं, त्यामुळे त्यांचं झकास चाललं होतं. चौथ्या मजल्यावरचे कॅप्टन खाली उतरले की गल्लीतली माणसं सरकून वाट देत. केस कापणारा हातातलं गिऱ्हाईक थांबवून त्यांना खुर्ची देई, दवाखान्यात त्यांना नंबर लावावा लागत नसे, आणि शाळेत काही समारंभ असला की त्यांची जागा मुख्याध्यापकांच्या शेजारी. खाकी कोट, कडक कॉलर, छातीवर दोन ओळी मेडलं. जिन्यावरून उतरताना ती एकमेकांवर आपटत आणि पोरं ओरडत, ‘कॅप्टन आले, कॅप्टन आले!’

आता खरं सांगायचं तर हा माणूस फौजेच्या दारातसुद्धा कधी उभा राहिला नव्हता. फौजेचं राहू द्या, भिंतीवर पाल दिसली तर स्टुलावर चढायचा. सगळी हयात त्यानं एका नाटक कंपनीच्या कपडेपटात काढली होती. राजाचे झगे, शिपायांचे डगले, भुताच्या पांढऱ्या चादरी, सगळ्याला इस्त्री करायची, तुटलेली बटणं लावायची, नटाच्या अंगात कपडा चढवून द्यायचा आणि मग विंगेत उभं राहून नाटक बघायचं. कंपनी बुडाली, सामान लिलावात गेलं. तिसऱ्या अंकातल्या कॅप्टनचा कोट मात्र कुणाला न विचारता यांच्या घरी आला.

नव्या घरी राहायला आले त्या दिवशी सामान फार आणि ट्रंक एकच, म्हणून तो कोट त्यांनी अंगातच घातला होता. हमालानं सलाम ठोकला. जिन्यात शेजारच्या शिंप्यानं विचारलं, ‘‘फौजेत होता वाटतं?’’ आणि हे म्हणाले, ‘‘हं.’’ बस्स, एवढंच. त्या एका ‘हं’वर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

‘‘अहो, हे काय बोलून बसलात?’’ बायकोनं दार लावून विचारलं.

‘‘अगं, कोण बघायला येतंय? दोन दिवसांत विसरतील.’’

विसरतात कसले! दुसऱ्या दिवशी ती पाव आणायला खाली गेली तर रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. ‘‘या, कॅप्टनीणबाई, तुम्ही पुढे या.’’ आयुष्यभर ही बाई कपडेपटवाल्याची बायको म्हणून मागच्या दारानं नाटकाला गेलेली. नटांच्या बायका खुर्चीवर, ही पेटाऱ्यावर. कुणी कधी ‘बस’ म्हटलं नाही. ‘पुढे या’ ऐकलं आणि तिला बरं वाटलं, का वाटू नये? मग जुन्या बाजारातून नवऱ्यानं एकेक मेडल आणायला सुरुवात केली, तेव्हा पिनेनं ती लोंबतात म्हणून कॅप्टनीणबाईंनी स्वतः सुईदोऱ्यानं पक्की शिवून दिली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं ती त्याला चिडवायची, पण टाके मात्र बारीक घालायची.

इमारतीच्या तळमजल्यावर बेकरी होती. बेकरीवाले विधुर, हाताचे दंड वल्ह्यासारखे, बोलणं कमी. मुलगा एकच. तो मात्र खराखुरा फौजेत होता, सरहद्दीवर. गल्ल्याच्या वर त्याचा वर्दीतला फोटो टांगलेला, आणि रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी बेकरीवाले तो फडक्यानं पुसत. गिऱ्हाइकानं फोटोकडे बघितलं तर एखादा पाव जास्त पडायचा पिशवीत.

तो मुलगा रजेवर आला. पहिल्या आठवड्यात कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग एका सकाळी, दुकानात गर्दी असताना, भट्टीवरच्या गड्याच्या हातून पत्र्याचा ट्रे निसटला. धाडकन आवाज झाला. सगळ्यांनी माना वळवून बघितलं, आणि वळल्यावर दिसलं ते असं, की बेकरीवाल्यांचा जवान मुलगा काउंटरखाली गुडघ्यांत डोकं घालून बसलाय आणि थरथर कापतोय. कोणीतरी फिस्सकन हसलं. कॅप्टनीणबाई तिथंच होत्या, पिशवी धरून. त्यांना आधी मुलगा दिसला नाहीच, त्याचा बाप दिसला. त्या माणसानं पोराकडे न बघता उरलेले पाव मोजून दिले, सुटे पैसे दिले, आणि मग दुकान रिकामं झाल्यावर काउंटरच्या पायाला लाथ मारली. ‘‘ऊठ. लाज नाही वाटत?’’ हे बाईंनी बाहेरून ऐकलं.

दोन दिवसांनी बेकरीवाले वर आले. हात पिठाचे, तसेच दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

‘‘कॅप्टनसाहेब, शनिवारी पोरगा परत निघतोय. शुक्रवारी संध्याकाळी दुकानातच चार माणसं बोलावतोय. तुम्ही त्याला चार शब्द सांगा. माझं ऐकून घेत नाही, नुसता तोंडाकडे बघत राहतो. तुमच्यासारख्यानं सांगितलं तर पोटात जाईल त्याच्या.’’

‘‘सांगतो की!’’ कॅप्टन म्हणाले. ते नुसत्या बनियनमध्ये खाटेवर बसून शेंगा सोलत होते, पण मान अशी ताठ केली की जणू कोट अंगातच आहे.

बेकरीवाले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच मुलगा दारात. बाई खिडकीजवळ कोट पसरून त्याला ब्रश मारत बसल्या होत्या. झाकायला वेळच मिळाला नाही. त्यानं चपला काढल्या, आत आला, कोटाजवळ उकिडवा बसला आणि मेडलं एकेक करून बोटानं उलटी करून बघायला लागला. कॅप्टन स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखे उभे.

‘‘काकू,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘हे ज्या लढाईचं मेडल आहे ना, ती झाली तेव्हा काका पाळण्यात असतील. आणि हे टोकाचं फौजेचंच नाही. पोहण्याच्या शर्यतीचं आहे.’’

मेलं, पोहण्याच्या शर्यतीचं! बाईंना त्यातही हसू आलं असतं, पण त्यांनी घाईघाईनं कोट ओढून मांडीवर घेतला. कॅप्टनांच्या तोंडून ‘‘पोरा, ते असं आहे की…’’ एवढंच निघालं.

‘‘राहू द्या हो काका. मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही खुशाल घाला, माझं काय जातंय?’’ तो तसाच जमिनीवर बसून राहिला. ‘‘मी वेगळ्याच कामाला आलोय. पहाऱ्यावर उभा असताना मला मधेच काही ऐकू येत नाही. सगळं बंद होतं. किती वेळ, ते मलाच कळत नाही. परत गेलो तर मी मरेन, ते ठीक आहे एक वेळ, पण बाजूचा माझ्या भरवशावर असतो. तो पण मरेल. छावणीच्या इस्पितळात अशा माणसांना ठेवून घेतात, बरं करतात. आमच्यातला एक जण गेला होता, नीट झाला. मला रजा संपायच्या आत जाऊन नुसतं दाखवायचंय.’’

‘‘मग जा की रे बाळा!’’ बाई म्हणाल्या.

‘‘बाबा म्हणतात, त्या वेड्यांच्या दारात पाय ठेवलास तर माझ्या दारात ठेवू नकोस. काकू, मला दुसरं कोण आहे? आई नाही, भाऊ नाही. एक बाप, आणि तोही असा. माझं ते ऐकत नाहीत. पण काकांचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत. काका, तुम्ही फक्त एवढं म्हणा, की असं होतं, आमच्या वेळीही व्हायचं, आधी डॉक्टरला दाखव, यात लाज नाही. एवढंच म्हणा.’’

कॅप्टन पुढे आले आणि त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. काही झालं तरी माणूस वाईट नव्हता हो. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी त्या पोराचा कापणारा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, ‘‘बोलेन. आईशपथ बोलेन. शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलेन.’’ पोरगा खाली उतरला तेव्हा जिन्यात शीळ घालत गेला, हे बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

‘‘शुक्रवारची वाट कशाला बघताय?’’ बाई लगेच मागे लागल्या. ‘‘आत्ताच्या आत्ता जा. अंगात शर्ट घाला, पाव आणायला जाता तसे जा, आणि त्या बापाला बाजूला घेऊन सांगा.’’

‘‘शर्टात माझं कोण ऐकणार, अगं? वेडी की काय तू! कोट घालून, चार माणसांत बोललो तर शब्दाला वजन येतं. नटालासुद्धा कपडा चढवल्याशिवाय आवाज लागत नाही. मी आयुष्यभर बघितलंय.’’

आता यावर काय बोलणार? कपडेपटातल्या माणसाची ही अक्कल, आणि बाईंनाही ती त्या क्षणी पटली. पटली म्हणूनच त्यांनी कोटाला पुन्हा इस्त्री केली.

शुक्रवारी बेकरीतली लांब टेबलं भिंतीला लावून बाकं मांडली होती. जमीन झाडलेली, पण फटींतून पीठ दिसत होतंच. शिंपी आला, केस कापणारा आला, शाळेच्या बाई आल्या, दवाखान्यातली नर्स आली. पुढच्या बाकावर अर्थातच कॅप्टनीणबाई. मुलगा वर्दीत होता. त्याची वर्दी साधी, कोपरांवर विटलेली, छातीवर काही म्हणजे काही नाही. तो भट्टीच्या बाजूला उभा राहून कॅप्टनांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर असा भरवसा होता की बाईंना त्याच्याकडे बघवेना.

कॅप्टन उभे राहिले. मेडलं वाजली. सगळे गप्प झाले.

‘‘मंडळी,’’ ते म्हणाले, ‘‘आज मी भीतीबद्दल बोलणार आहे. भीती सगळ्यांना वाटते. मलाही वाटली. आमच्या वेळी भलेभले जवान असायचे, त्यांचेही हात कापायचे.’’

शाब्बास, बाई मनात म्हणाल्या. आता डॉक्टरचं बोला.

पण बाकं करकरायला लागली. कोणीतरी खोकलं. शिंप्यानं केस कापणाऱ्याकडे बघितलं. कॅप्टन आणि भीती? हे ऐकायला का आलो होतो आपण? आणि बेकरीवाल्यांचा चेहरा तर दगड झाला होता. आता दुसरा कोणी असता तर त्यानं ते मनावर घेतलं नसतं. पण या माणसानं उभी हयात विंगेतून एकच गोष्ट बघितली होती, की प्रेक्षक हातातून सुटला की बाकं करकरतात आणि खोकला सुरू होतो. त्या आवाजाची त्याला नटांपेक्षाही जास्त धास्ती. बाईंनी त्यांच्या कपाळावर घाम बघितला. मग त्यांनी बघितलं की नवऱ्याचा उजवा पाय पुढे आला, छाती वर झाली आणि डावा हात कमरेवर गेला. बाईंना ती पोज तोंडपाठ होती. तिसरा अंक.

‘‘पण लक्षात ठेव, जवाना!’’ आवाज एकदम घुमला. ‘‘भीती ज्याच्या पाठीवर बसते, गोळी त्याची पाठ शोधत येते! आणि जो छाती पुढे काढून उभा राहतो, त्याला बघून गोळीसुद्धा वाट सोडते! परत फिरायचं नाव काढू नकोस. घरची दारं मागे वळणाऱ्यांसाठी नसतात! जा! तुझी माती तुला हाक मारतेय!’’

काय टाळ्या पडल्या! बाकांवरून माणसं उठली. शाळेच्या बाई डोळे पुसत होत्या. बेकरीवाल्यांनी, त्या कधी न हसणाऱ्या माणसानं, पुढे होऊन कॅप्टनांचे हात धरले. आणि कॅप्टन… देवा, त्यांच्या चेहऱ्यावर त्या घटकेला पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. कपडेपटातला माणूस पहिल्यांदाच विंगेतून पुढे आला होता, आणि टाळ्या त्याला पडत होत्या. आपण काय बोललो हे त्यांना टाळ्या थांबल्यावर कळलं.

कॅप्टनीणबाई अर्ध्या उठल्या होत्या. तोंड उघडलं होतं. हे फौजेत नव्हते, यांचं ऐकू नका, एवढं म्हणायचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडली तर उद्यापासून गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही, हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं. ‘या, पुढे या’ म्हणणाऱ्या बायका मागच्याच बाकावर होत्या. तेवढ्यासाठी बाई गप्प बसली. सांगताना संताप येतो, पण बसली, खाली बसली आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.

मुलगा रागावलाही नाही. त्यानं टाचा जुळवल्या आणि कॅप्टनांना कडक सलाम केला, नियमानं करतात तसा. मग जाऊन पाण्याचा पेला उचलला, तर अर्धं पाणी सांडलं. सकाळी तो गेला.

थंडी सुरू झाली, आणि एक दिवस बेकरीचं शटर उघडलं नाही. पाव घ्यायला आलेल्या माणसांना कळलं. झेंड्यात गुंडाळलेली पेटी आली. पेटीबरोबर आलेल्या शिपायानं सांगितलं की पहाऱ्यावर असताना झालं, त्याच्या बाजूचा पोरगाही गेला, दोघं एकदमच. गल्लीतली माणसं कॅप्टनांना बोलवायला वर आली, कारण सलामी द्यायला त्यांच्याशिवाय कोण? कॅप्टन भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ते उठले नाहीत.

‘‘साहेबांना फार लागलंय,’’ शिंपी जिना उतरताना म्हणाला. ‘‘वाघासारखा माणूस, पण आतून बघा किती मऊ.’’ बाईंना वाटलं, याच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं, याच्या का म्हणून?

कोट खाटेखाली गेला. कॅप्टन जेवत, झोपत, खिडकीशी बसत, पण त्यांच्यात आणि बायकोत एक शब्द होत नव्हता. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिलाही विचारायला तोंड कुठं होतं?

मग एका दुपारी बेकरीवाले वर आले. या वेळी हात धुतलेले होते, अंगात धुवट सदरा. त्यांनी खिशातून एक डबी काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. आत मेडल होतं, नवं कोरं.

‘‘सरकारनं पाठवलंय,’’ ते म्हणाले. ‘‘मी पीठ मळणारा माणूस, मी काय करू याचं? फोटोला लावलं तर धुरानं काळं पडेल. हे तुमच्या छातीवर राहू द्या, कॅप्टनसाहेब. पोरगा भेदरला होता माझा. तुम्ही बोललात म्हणून तो माणसासारखा गेला, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तुमचे उपकार आहेत.’’

कॅप्टन उठले. बनियनवर होते, दाढी वाढलेली. त्यांनी डबीकडे बघितलं, आणि त्यांचा हात पुढे झाला. खरंच झाला. कसा झाला ते त्यांचं त्यांना माहीत, पण बोटं डबीला लागली, आणि तिथं कॅप्टनीणबाईंचा बांध फुटला.

‘‘हात लावू नका!’’ त्या अशा ओरडल्या की कॅप्टन मागे सरकले. ‘‘भाऊजी, उचला ते. हा माणूस फौजेत कधीच नव्हता. नाटकाच्या कपडेपटात होता. इस्त्री करायचा. तो कोट नाटकातला, ती मेडलं बाजारातली, आणि ती मी शिवलीत, या हातांनी. त्या दिवशी बोलले ते पण नाटकातलंच. सगळं खोटं आहे. सगळं.’’

बेकरीवाले हसले. नाही म्हणजे हसायला लागले आणि मग कॅप्टनांकडे बघितलं. कॅप्टनांनी मान खाली घातली होती. बेकरीवाल्यांनी डबी बंद केली, पुन्हा उघडली.

‘‘त्याला…’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या पोराला माहीत होतं?’’

आता खोटं बोलून टाकावं, असं बाईंना वाटलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण खोट्याचं काय होतं ते त्यांनी बघितलं होतं.

‘‘माहीत होतं. इथं बसून त्यानंच ओळखलं. तरी म्हणाला, आधी डॉक्टरला दाखव, हे काकांच्या तोंडून बाबांच्या कानावर जाऊ दे. हे बोलणार होते, भाऊजी, शपथ घेतली होती. आणि मी तिथं बसले होते. मी उठून बोलू शकत होते. तुम्हाला काय करायचं ते करा आमचं. गल्लीत सांगा, पोलिसात द्या.’’

बेकरीवाल्यांनी हात उगारला असता तर बरं झालं असतं. कॅप्टन त्याचीच वाट बघत उभे होते. पण त्या माणसाला ना कॅप्टन दिसत होते, ना कोट, ना बाई. ते हळूच खुर्चीवर बसले. या घरात ते पहिल्यांदाच बसले. डबी मांडीवर धरली.

‘‘मग मला का नाही म्हणाला, की हा माणूस खोटा आहे?’’ त्यांनी विचारलं, आणि उत्तराला थांबले नाहीत. ‘‘म्हणाला असता तर मी त्यालाच मारलं असतं.’’

‘‘भाऊजी…’’

‘‘भट्टीपाशी आला होता, वहिनी. पहाटे. मी पीठ मळत होतो. म्हणाला, बाबा, मला ऐकू येत नाही मधेच.’’ त्यांनी तोंडावरून हात फिरवला. ‘‘तुमच्याकडे नंतर आला. आधी माझ्याकडेच आला होता.’’